ठरावीक मुदतीचा कन्सोल करार की सगळीकडे एकदम रिलीज?

अंधेरी-मालाडमधल्या दहा-पंधरा जणांच्या गेम स्टुडिओला जागेचं भाडं आणि पगार दर महिन्याला भागवावेच लागतात. कन्सोल करार म्हणजे कंपनीकडून पैसे घेऊन गेम ठरलेल्या मुदतीपुरता फक्त तिच्याच कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या मशीनवर, आणायचा. असा करार केला तर पैसे रिलीजआधी, टप्प्याटप्प्याने येतात. सगळीकडे एकदम आणलं तर मुख्य कमाई विक्रीनंतरच, तीही स्टोअरने साधारण ३० टक्के कापून. शिवाय प्रत्येक कन्सोलची डेव्ह किट (गेम बनवायला लागणारं खास मशीन), वेगळं टेस्टिंग आणि सर्टिफिकेशन (कन्सोल कंपनीची तपासणी आणि मंजुरी) एकाच वेळी अंगावर येतं. लहान टीम इथेच कोलमडते.

म्हणून लहान टीमने करार जरूर करावा, पण मुदत छोटी ठेवावी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा 'राजी' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी आणि इतर कन्सोलवर. एवढ्यात चर्चा विरत नाही. 'राइज ऑफ द टूम रेडर' मात्र नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला आणि प्लेस्टेशन ४ वर थेट ऑक्टोबर २०१६ मध्ये. इतक्या अंतराने जाहिरातीचा खर्च जवळपास नव्याने करावा लागतो, आणि तो लहान स्टुडिओला झेपत नाही.

सहीआधी तीन कलमं तपासा. मुदत रिलीजपासून मोजणार की ठरलेल्या तारखेला संपणार? मिळणारी रक्कम निव्वळ फी आहे की विक्रीतून वळती होणारा अ‍ॅडव्हान्स? इतरत्र रिलीज करायच्या बंदीत पीसी येतो का? शेवटचा हप्ता सर्टिफिकेशनवर अडकवलेला असेल, तर एक नापास बिल्ड (तपासणीला दिलेली गेमची आवृत्ती) पगार लांबवते.

ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम असेल तर करार टाळाच. एकाच कन्सोलवर खेळाडू कमी पडले की मॅच जुळत नाहीत.