गोळी की जेल : रजोनिवृत्तीतील संप्रेरक उपचार सुरू करताना

ऑक्टोबरच्या उकाड्यात दादरच्या पुलावर सुटणारा घाम आणि रजोनिवृत्तीच्या वाफांनी सुटणारा घाम यांतला फरक मुंबईतल्या बाईला पहिले काही महिने कळतच नाही. लेडीज डब्यात सगळ्याच घामाघूम असतात, त्यामुळे छातीपासून मानेकडे आणि मानेपासून कपाळाकडे चढत जाणारी ती लाट आपण हवेच्या नावावर टाकून मोकळ्या होतो. मला उमगले ते जानेवारीत, पहाटे चार वाजता, पंखा बंद असतानाही उशी भिजली तेव्हा. माझी पाळी जाऊन तोवर दीड वर्ष झाले होते. माझ्या धाकट्या जावेची पाळी अजून अधूनमधून येत होती, पण वाफा, जागरण आणि चिडचिड तिलाही सुरू झाली होती. काही महिन्यांच्या अंतराने आम्ही दोघींनी संप्रेरक (हार्मोन) उपचार, म्हणजे सगळे ज्याला एचआरटी म्हणतात ते, सुरू केले. तिने गोळी घेतली, मी कातडीवर लावायचे जेल. एकाच घरात दोन पद्धती इतक्या जवळून पाहायला मिळाल्या की, आता हा निर्णय घेऊ पाहणाऱ्या बायकांसाठी त्यांची तुलना मांडावी असे वाटले. डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हे लेखन घेऊ शकत नाही, मात्र डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे हे यातून नक्की ठरवता येईल.

काही जणींच्या बाबतीत निवडीचा प्रश्न येण्याआधीच उत्तर ठरलेले असते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल किंवा कारण न सापडलेला रक्तस्राव होत असेल, तर हे उपचार सहसा दिले जात नाहीत. बाकीच्यांसाठी, वय साठीच्या आत असेल आणि पाळी जाऊन दहा वर्षे झाली नसतील तर, त्रासदायक वाफा आणि रात्रीचा घाम यांवर याहून परिणामकारक औषध नाही. अनेकींच्या मनात अजूनही २००२ सालच्या बातम्यांची धास्ती आहे. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा १६,६०८ स्त्रियांचा भाग मुदतीआधी थांबवला गेला, कारण हे उपचार घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनकर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले. हा आकडा खरा आहे आणि तो लपवू नये. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, त्यांना घोडीच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन (पाळी जाताना शरीरात कमी होणारे संप्रेरक) आणि प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकासारखे काम करणारे कृत्रिम प्रोजेस्टिन या दोहोंची एकत्र गोळी दिली होती, आणि ज्यांचे गर्भाशय काढलेले होते व ज्यांना फक्त इस्ट्रोजेन दिले गेले, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही, हेही त्याच अभ्यासातले आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बाईने आपला निर्णय हे सगळे समोर ठेवून घ्यावा.

गोळी आणि जेल

दोन्हींत इस्ट्रोजेन असते आणि वाफा दोन्हींनी कमी होतात. फरक आहे तो वाटेचा. गिळलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते, त्यामुळे गुठळीचा धोका साधारण दीडपट ते दुप्पट होतो, आणि पहिल्या वर्षात तो अधिक असतो. मुळात हा धोका लहान असल्याने निरोगी, सडसडीत, धूम्रपान न करणाऱ्या बाईला त्याची फार चिंता करण्याचे कारण नाही. परंतु वजन जास्त असेल, रक्तदाब किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले असतील, पित्ताशयात खडे असतील, डोळ्यांपुढे चकाकी येऊन होणारी अर्धशिशी असेल किंवा घरात कोणाला गुठळी झालेली असेल, तर माझ्या मते गोळीचा विचार बाजूला ठेवून त्वचेवाटे जाणारे औषधच मागावे. जेलमधील इस्ट्रोजेन कातडीतून थेट रक्तात मिसळते आणि नेहमीच्या मात्रेत त्याने गुठळीचा धोका वाढल्याचे आजवरच्या निरीक्षणांत दिसलेले नाही.

एक मुद्दा आपल्याकडे फार कमी सांगितला जातो, म्हणून तो इथे थोडा विस्ताराने. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात, माझी जाऊही घेते. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे थायरॉइडचे संप्रेरक धरून ठेवणारे प्रथिन रक्तात वाढते, त्यामुळे आधी पुरेशी असलेली थायरॉइडची मात्रा अपुरी पडू शकते. जावेच्या वाफा महिन्याभरात कमी झाल्या, पण थकवा आणि जडपणा वाढला, आणि आम्ही सगळ्यांनी त्याचे खापर नव्या गोळीवर फोडले. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, केल्यावर खरे कारण कळले आणि थायरॉइडची मात्रा वाढवताच ती सावरली. म्हणून थायरॉइडचे औषध चालू असलेल्या बाईने इस्ट्रोजेनची गोळी सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांत टीएसएच पुन्हा करून घ्यावे. जेलने हा घोटाळा होत नाही. क्षयावरचे रिफाम्पिसिन किंवा फिटचे फेनिटोइन, कार्बामाझेपिन चालू असेल तरीही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण ही औषधे इस्ट्रोजेन, विशेषतः गोळीतले, लवकर संपवतात.

सोयीच्या बाबतीत गोळी सरस आहे, हे मान्य करायलाच हवे. ती स्वस्त आहे, बहुतेक केमिस्टकडे मिळते, डब्यासोबत पर्समध्ये राहते. तिची तक्रार मुख्यतः मळमळीची असते, आणि ती रात्री जेवणानंतर घेतल्यास बरीच कमी होते. जेलला शिस्त लागते. आंघोळीनंतर अंग नीट कोरडे करून दंडावर किंवा मांडीवर ते पातळ पसरायचे, स्तनांवर कधीही लावायचे नाही, आणि निदान पाच मिनिटे सुकू द्यायचे. जुलैमधल्या दमट सकाळी ही पाच मिनिटे दहा होतात, हे मी घड्याळ लावून पाहिले आहे. दंड चिकट लागत असताना ब्लाउजची बाही चढवली की निम्मे औषध कापडाला जाते. त्यामुळे मी मांडी निवडली आणि ८.१० ची लोकल सोडून ८.२२ ची धरू लागले. त्यानंतर तासभर ती जागा धुवायची नाही आणि तिथे क्रीमही लावायचे नाही. जेलमध्ये अल्कोहोल असते, म्हणून ते पूर्ण सुकल्याशिवाय गॅसजवळ जायचे नाही आणि देवापुढे निरांजन लावायचे नाही. घरात लहान मूल असेल तर लावलेली जागा झाकलेली हवी, कारण ओल्या जेलचा स्पर्श त्याच्या कातडीला झाला तर औषध त्याच्याही अंगात जाते.

पॅच हा जेलचाच भाऊ आहे. कमरेखाली चिकटवायचा आणि बहुतेक प्रकारांत आठवड्यातून दोनदा बदलायचा. गुठळीच्या दृष्टीने तो जेलइतकाच सुरक्षित आहे, पण घामाने कडा सुटणे आणि कातडीवर चट्टा उठणे या तक्रारी होतात, शिवाय तो आपल्याकडे सहजासहजी मिळतही नाही. डॉक्टरांनी लिहून देण्याआधी केमिस्टकडे चौकशी केलेली बरी.

खरी अडचण दुसऱ्या औषधाची

बायका आणि त्यांचे नातेवाईक सगळी काळजी इस्ट्रोजेनची करतात, पण सुरुवातीच्या काळात औषध सोडायला लावणारा त्रास माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा प्रोजेस्टेरॉनचा असतो. ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांना सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही. ज्यांची पिशवी शाबूत आहे त्यांना ते टाळता येत नाही, कारण नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. हे वाक्य मला कोणी पहिल्या भेटीत सांगितले असते तर माझ्या हातून मोठी चूक झाली नसती. चिठ्ठीवर दोन औषधे होती, दुसरे कशासाठी ते मला सांगितले गेले नाही आणि मीही विचारले नाही. त्या दुसऱ्या औषधाच्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉनच्या, रात्रीच्या कॅप्सूलने सकाळी डोके जड राहते म्हणून मी ती सहा आठवडे परस्पर बंद ठेवली आणि जेल मात्र इमानाने लावत राहिले. पुढच्या तपासणीत सोनोग्राफी करावी लागली. अस्तर सुदैवाने ठीक निघाले, पण तो आठवडा कसा गेला ते मलाच ठाऊक.

प्रोजेस्टेरॉनमध्येही निवड आहे. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनसारखेच असलेले मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन हे स्तन, रक्तवाहिन्या आणि कोलेस्टेरॉल यांच्या दृष्टीने जुन्या कृत्रिम प्रोजेस्टिनपेक्षा सौम्य मानले जाते. त्याने गुंगी येते. ज्यांची झोप उडालेली आहे त्यांना हा दोष वरदान वाटतो, आणि म्हणूनच ते झोपताना घ्यायचे असते. पण भरल्या पोटी ते जास्त शोषले जाते आणि गुंगीही वाढते. रात्री दहाला जेवून लगेच कॅप्सूल घेणारी मुंबईकर बाई सकाळी भेलकांडते त्याचे कारण अनेकदा एवढेच असते. मी जेवण साडेआठला आणले आणि कॅप्सूल साडेदहाला नेली, तेव्हा सकाळचे जडपण गेले. तरीही न सोसल्यास तीच कॅप्सूल योनीमार्गे ठेवण्याचा सल्ला काही डॉक्टर देतात, त्यामुळे गुंगी कमी येते. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचे तेल असते, तेव्हा शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी वेष्टन वाचून घ्यावे. कृत्रिम प्रोजेस्टिनने गुंगी येत नाही, मात्र पोट फुगणे, मन उदास होणे, पाळीपूर्वीसारखी चिडचिड होणे हे काहींना जाणवते. तिसरा मार्ग गर्भाशयात बसवण्याच्या, लिव्होनॉर्जेस्ट्रेल हे कृत्रिम प्रोजेस्टिन सोडणाऱ्या साधनाचा. पाळी अजून येत असेल, अंगावरून खूप जात असेल आणि गर्भनिरोधही हवा असेल, तर माझ्या मते हा पर्याय सर्वांत आधी विचारात घ्यावा. एचआरटीने गर्भनिरोध होत नाही, हे पंचेचाळिशीतल्या बायकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

प्रोजेस्टेरॉन रोज घ्यायचे की महिन्यातले काही दिवस, हेही पाळीवर ठरते. जावेची पाळी पूर्ण थांबली नव्हती, म्हणून तिला महिन्यातून बारा ते चौदा दिवस २०० मि.ग्रॅ. दिले आणि त्यानंतर तिला ठरल्या वेळी पाळीसारखा स्राव येतो. मला रोज १०० मि.ग्रॅ., आणि स्राव अपेक्षित नाही. तिला माझ्यासारखी रोजची पद्धत सुरुवातीलाच दिली असती तर अवेळी डाग पडत राहिले असते. म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी पाहून औषध आणू नये.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. टिबोलोन ही एकच गोळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन अशा दोन्हींची कामे करते, पण पाळी जाऊन वर्ष झाल्यावरच ती घ्यायची, आणि साठीनंतर तिने पक्षाघाताचा धोका वाढतो. त्रास केवळ योनीच्या कोरडेपणाचा, जळजळीचा किंवा वारंवार होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गाचा असेल, तर अंगभर पसरणारे औषध कशाला घ्यायचे? एस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचे क्रीम दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा लावणे पुरते, ते रक्तात अत्यल्प जाते आणि त्यासोबत प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. ज्यांना संप्रेरके चालत नाहीत त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन यांसारखी औषधे आहेत. ती वाफा कमी करतात, पण इस्ट्रोजेनइतक्या नाहीत.

पहिले तीन महिने

स्तन दुखरे होणे, डोके दुखणे, पोट फुगणे आणि मधूनच डाग पडणे हे सुरुवातीला बहुतेकींना थोडेफार होते आणि सहसा तीन महिन्यांत ओसरते. स्तनांचा दुखरेपणा इस्ट्रोजेनची मात्रा जास्त असल्याची खूण असू शकते, तर महिन्यातल्या कॅप्सूलच्या दिवसांतच उदासी येत असेल तर संशय प्रोजेस्टेरॉनवर घ्यावा. असा माग काढायचा असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलली पाहिजे. डाग सहा महिन्यांनंतरही पडत राहिले, वाढले, किंवा पूर्ण थांबून पुन्हा सुरू झाले, तर मात्र वाट न पाहता सोनोग्राफी करून घ्यावी. एका पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही झाले तर औषध थांबवून थेट रुग्णालय गाठावे.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी आता दोन रंगांची अक्षरे असतात, माझी निळी आणि जावेची लाल. वाफ आली की ‘व’, डाग पडला की ‘ड’, झोप मोडली की ‘झ’, आणि मात्रा बदलली त्या तारखेला गोल. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला आम्ही त्या पानांचे फोटो घेऊन गेलो. त्यावरून डॉक्टरांनी माझी जेलची मात्रा तशीच ठेवली, आणि जावेला, रक्तदाब किंचित वाढलेला दिसल्यामुळे, गोळीवरून जेलवर आणले. तिची कॅप्सूल त्या महिन्यात मुद्दाम बदलली नाही. थायरॉइडची मात्रा आता पुन्हा कमी करावी लागेल का, हे पाहण्यासाठी दोन महिन्यांनंतरच्या टीएसएचच्या तारखेला तिने लाल शाईने गोल करून ठेवला आहे.