दार काढू की खिडकी चिकटवू?

शत्रूच्या हल्ल्यातून सरकारच्या सल्ल्यानेच जीव वाचवायचा असेल, तर दोन नमुने समोर आहेत: १९८० चा ब्रिटिश आणि २००३ चा अमेरिकी.

ब्रिटिश सरकारची ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका ५० पेन्सला मिळायची. म्हणजे अणुबॉम्बपासून बचाव, तोही पदरमोड करून. घरातली दारं बिजागऱ्यांतून काढा, आतल्या भिंतीला तिरकी टेकवा, वर मातीच्या पिशव्या रचा आणि त्या खोपटात सहकुटुंब शिरा. १४ दिवसांचं अन्नपाणी सोबत घ्या. खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग फासा, उष्णता परतते. (हे शास्त्राला धरूनच आहे. फक्त उष्णतेच्या पाठोपाठ हवेचा दणका येतो आणि मग छान रंगवलेली काच घरभर होते.) कोणी दगावलंच, तर गुंडाळून ओळखीची चिठ्ठी लावा. कारकुनी मेंदू प्रलयातही शाबूत!

अमेरिकेचा थाट सुटसुटीत. फेब्रुवारी २००३ मध्ये दहशतवादी हल्ल्याचा धोका दाखवणाऱ्या सरकारी पट्टीवरचा रंग नारिंगी झाला आणि सल्ला आला: विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना लावायला प्लास्टिक आणि डक्ट टेप (मजबूत चिकटपट्टी) आणून ठेवा, तीन दिवसांचं अन्नपाणी साठवा. टेपवर लोकांच्या उड्या पडल्या. मग खुलासा आला, की आत्ताच खिडक्या चिकटवत बसू नका. बरोबरच आहे, खोली खरंच हवाबंद झाली तर विषारी वायूआधी आपलाच श्वास नडायचा.

माझं मत अमेरिकेला. हल्ला झाला नाही, तर टेप निदान गळक्या पाइपाला लावता येते. काढलेली दारं परत बसवायला सुतार कुठून आणायचा?