कार्बन क्रेडिट विकत घ्यावे की कारखान्याचे उत्सर्जन घटवावे?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील किंवा तळोज्यातील मध्यम कारखानदाराकडे परदेशी ग्राहक उत्सर्जनाचा हिशेब मागू लागला, की हाताशी असलेला पैसा कार्बन क्रेडिटमध्ये (म्हणजे दुसऱ्या कोणी केलेल्या उत्सर्जन-घटीचे प्रमाणपत्र विकत घेण्यात) घालावा की बॉयलरमध्ये, हे ठरवावे लागते. केंद्राने २०२३ मध्ये अधिसूचित केलेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा व क्लोरीन) अशा क्षेत्रांतील मोठ्या उद्योगांना उत्सर्जन-तीव्रतेचे, म्हणजे उत्पादनाच्या प्रत्येक टनामागील उत्सर्जनाचे, लक्ष्य देते. या पट्ट्यातील बहुसंख्य लहान-मध्यम कारखान्यांवर ते बंधन नाही. त्यांच्यासाठी क्रेडिट ऐच्छिकच आहे.

क्रेडिटच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सोय. उत्पादन न थांबवता एका क्रेडिटमागे एक टन घट आपल्या नावावर दाखवता येते. मात्र ती घट पैसे मिळाले नसते तरी झालीच असती का, या प्रश्नाने हा बाजार सुरुवातीपासून ग्रासलेला आहे. क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान करारातील क्रेडिट यंत्रणेत रेफ्रिजरंट बनवणाऱ्या कारखान्यांना एचएफसी-२३ हा उत्पादनात उपपदार्थ म्हणून निघणारा, तीव्र तापमानवाढ करणारा वायू नष्ट करण्याबद्दल क्रेडिट मिळत असे. नष्ट करण्याचा खर्च इतका किरकोळ आणि मिळकत इतकी मोठी होती, की युरोपीय संघाने २०१३ पासून ती क्रेडिट नाकारली.

बॉयलरवरील खर्चाला असा संशय चिकटत नाही. कंडेन्सेट (वाफ निवून झालेले गरम पाणी) परत घेऊन बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान ६ अंशांनी वाढवले, तर इंधन साधारण १ टक्क्याने वाचते, आणि ही बचत दरमहा इंधनाच्या बिलात दिसते. गळके स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) बदलणे व उघड्या वाफेच्या नळ्यांना उष्णतारोधक आवरण घालणे ही कामे तर कोणत्याही क्रेडिटच्या आधी झाली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. तेथील कार्बन सीमा समायोजन यंत्रणेचा (आयात मालाच्या उत्सर्जनावर शुल्क लावणाऱ्या व्यवस्थेचा) शुल्क-टप्पा जानेवारी २०२६ पासून लागू झाला असून त्यात ऐच्छिक क्रेडिटची वजावट नाही. वजावट मिळते ती उत्पादक देशात प्रत्यक्ष भरलेल्या कार्बन किमतीची. बोल्टमधील उत्सर्जनाचा बहुतांश भार मुळात पोलादाचा असल्यामुळे या कारखानदाराने भंगारापासून विद्युत भट्टीत बनलेले पोलाद घेणे आणि पुरवठादाराकडून पडताळलेली आकडेवारी मिळवणे अधिक फलदायी ठरेल.

ठाणे खाडीच्या काठावर राहणाऱ्यांना खारफुटीचे क्रेडिट साहजिकच जवळचे वाटते. येथे विशेष सावधगिरी हवी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी आहे. म्हणून केवळ उभी खारफुटी राखल्याबद्दल कोणी क्रेडिट विकत असेल, तर कायद्याने आधीच बंधनकारक असलेल्या गोष्टीचेच पैसे आपण मोजतो. उजाड झालेल्या चिखलपट्ट्यात भरतीचे पाणी पुन्हा खेळवून केलेली नवी वाढ मात्र खरी भर आहे. कारखान्यातील शक्य तेवढी घट साधल्यानंतर उरलेल्या उत्सर्जनासाठी अशी क्रेडिट घ्यायला हरकत नाही, परंतु त्याआधी विक्रेत्याकडे जागेचा नकाशा, मूळ स्थितीची नोंद आणि त्रयस्थ पडताळणीचा अहवाल मागावा.