जुलै की मार्गशीर्ष? रोजच्या जलरंगचित्रासाठी महिना, कागद आणि रंगांची निवड

महिनाभर दररोज एक जलरंगचित्र काढण्याचा संकल्प करू पाहणाऱ्याने बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात आधी महिना ठरवावा, मग साहित्य. २०१६ पासून जुलै हा जागतिक जलरंग महिना म्हणून पाळला जातो आणि जगभरातील हौशी चित्रकार त्याच महिन्यात हा उपक्रम करतात. आपल्याकडे मात्र तो ऐन पावसाचा महिना. कणकुंबी-जांबोटीकडे त्या दिवसांत उघडीप क्वचितच मिळते आणि बेळगाव शहरातही ओला कागद वाळता वाळत नाही. याउलट मार्गशीर्ष-पौषातील कोरड्या हवेत पातळ थर पाहता पाहता सुकतो. अथणीसारख्या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या भागात हा फरक एवढा जाणवणार नाही.

ओल्या कागदावर ओला रंग सोडून तो आपोआप पसरू देण्याची रीत शिकायची असेल, तर जुलैसारखा महिना नाही, कारण कागद बराच वेळ ओला राहतो आणि आभाळ, धुके, भिजलेली झाडी यांच्या मऊ कडा घाई न करता साधता येतात. थरावर थर चढवून, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा देऊन, बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराच्या कोरीव खांबांसारखा विषय रंगवायचा असेल, तर पावसाळ्यात रोजचे चित्र रोज पुरे होणे कठीण जाते. हेअर ड्रायर वापरता येतो, पण तो वीज असेल तेव्हाच. नवख्याने जुलैच निवडावा असे माझे मत आहे, कारण सोबतीला जगभरातले लोक असतात आणि ओला कागद हात लवकर मोकळा करतो. वास्तूंची रेखीव चित्रे हेच ज्याचे ध्येय आहे, त्याने खुशाल मार्गशीर्षापर्यंत थांबावे.

महिन्यापेक्षाही महत्त्वाची निवड कागदाची आहे आणि खर्च करायचा तो येथेच करावा. शालेय साहित्याच्या दुकानात सहज मिळणारा कार्ट्रिज कागद पाणी लागताच फुगतो आणि त्याला लाटा येतात, म्हणून तो या कामातून वगळावा. खरी तुलना आहे ती लाकडाच्या लगद्याचा ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद आणि त्याच वजनाचा शंभर टक्के सुती कागद यांच्यात. लगद्याच्या कागदावर रंग पृष्ठभागावरच राहतो, त्यामुळे तो पुसून उचलता येतो, पण दुसरा थर देताना खालचा थर हलतो आणि थर बिघडून डाग पडतात. सुती कागद पाणी आत धरून ठेवतो, सावकाश व एकसारखा वाळतो आणि तीन-चार थर निमूट सोसतो. सुती कागद कितीतरी महाग पडतो हे खरे, परंतु २२ × ३० इंचांचा एकच मोठा ताव रुंदीत चार आणि लांबीत आठ असा कापला, तर साडेपाच × पावणेचार इंचांचे ३२ तुकडे मिळतात, म्हणजे ३१ दिवसांच्या महिन्याची सोय होऊन एक तुकडा रंग तपासायला उरतो. रोजच्या चित्राला एवढा आकार पुरेसा आहे. उरलेले तुकडे पावसाळ्यात उघडे ठेवू नयेत. दमट हवेने कागदावरचा जिलेटिनचा लेप खराब झाला की कागद टिपकागदासारखा रंग शोषू लागतो, आणि तेव्हा कोणतेही कौशल्य उपयोगी पडत नाही.

रंगांच्या बाबतीत ट्यूब की वडी हा वाद फारसा ताणण्याची गरज नाही. वड्या सुटसुटीत असतात, मात्र ओल्या वड्यांची पेटी जुलैत लगेच मिटली तर त्यांना बुरशी धरते, म्हणून ती रात्रभर उघडी ठेवावी. चोवीस स्वस्त रंगांपेक्षा कलावंत श्रेणीचे तीन-चार रंग घेतलेले चांगले. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस-तपकिरी रंग एवढ्या दोहोंतूनच पावसाळी आभाळाच्या असंख्य राखी छटा निघतात.

साहित्यावरचे प्रयोग रोज नवे करावेत की आठवड्याला एक? रोज नवे साधन हाती घेतले की गंमत वाटते, पण परिणाम कागदाचा, रंगाचा की हवेचा हे कळत नाही. म्हणून बाकी सर्व तेच ठेवून आठवड्याला एकच गोष्ट बदलावी. ओल्या रंगावर मीठ भुरभुरून नक्षी उमटवण्याचा प्रयोग त्यातही कोरड्या महिन्यासाठी राखावा, कारण दमट हवेत मीठच पाणी धरते आणि खडे कागदाला चिकटून बसतात.

पावसाळ्यात करण्याजोगा प्रयोग म्हणजे घरचा रंग, आणि त्यात माती व हळद यांची तुलना उद्बोधक ठरते. खानापूरकडची जांभ्याची तांबडी माती पाण्यात कालवून, निथळून, वस्त्रगाळ करून वाळवावी, मग एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग गरम पाण्यात विरघळवून त्यात ती खलावी; थोडा मध घातल्यास रंग तडकत नाही आणि लवंगेच्या तेलाचा थेंब बुरशीला आळा घालतो. या मातीचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा असल्यामुळे तो उन्हात टिकतो. हळदीचा पिवळा रंग पहिल्या दिवशी मातीपेक्षा कितीतरी झळाळतो, परंतु उजेडात लवकर उडतो. हळदीची चित्रे वहीत मिटूनच ठेवावीत आणि भिंतीवर लावायचे चित्र मातीच्या रंगात करावे.