आधी दोनच स्पीकर घ्यावेत, पण चांगले घ्यावेत: एलॅक डेब्यू बी६.२

घरी संगीतही ऐकायचे आहे आणि चित्रपटही पाहायचे आहेत, पण खर्चाला मर्यादा आहे, अशा वेळी बहुतेक जण पाच चिमुकले स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) एकाच खोक्यात देणाऱ्या संचाकडे वळतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. हाताशी असलेली रक्कम आधी समोरच्या दोन स्पीकरांवर आणि ते नीट चालवू शकेल अशा ॲम्प्लिफायरवर खर्च करावी. मागचे, बाजूचे स्पीकर पुढे सवडीने घेता येतात आणि कधी घेतलेच नाहीत तरी फारसे बिघडत नाही. एलॅक कंपनीच्या डेब्यू २.० मालिकेतील बी६.२ ही जोडी दोन्ही कामांसाठी वापरल्यावर हे मत अधिकच पक्के झाले, म्हणून तिच्या निमित्ताने हा विषय थोडा सविस्तर मांडतो.

संगीतासाठी एक जोडी आणि चित्रपटासाठी दुसरी व्यवस्था, ही विभागणी मुळात फारशी खरी नाही. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ मध्ये स्टिरिओच्या ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातच बोलपटातील आवाज पडद्यावरच्या पात्राच्या जागेवरून यावा, हा विचार होता. दोन स्पीकर सारखे असले आणि ऐकणारा त्यांच्या बरोबर मध्यावर बसला, तर दोन्हींतून सारख्याच प्रमाणात येणारा आवाज कानाला मधल्या मोकळ्या जागेतून आल्यासारखा वाटतो. गायक तिथेच उभा राहतो आणि संवादही तिथूनच येतात. हा परिणाम किती ठसठशीत होतो, हे दोन्ही स्पीकर एकमेकांशी किती तंतोतंत जुळतात यावर अवलंबून असते. बी६.२ या परीक्षेत उत्तम उतरतो. एकट्या माणसाच्या बोलण्याचे साधे ध्वनिमुद्रण लावले की आवाज मधोमध एका ठिकाणी बांधल्यासारखा स्थिर राहतो, पसरत नाही.

ही मालिका अँड्र्यू जोन्स यांनी रचली. केफ, इन्फिनिटी आणि पायोनिअरच्या टॅड या अतिशय महागड्या शाखेसाठी स्पीकर घडवलेल्या या माणसाने कमी किमतीच्या स्पीकरांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिले, आणि तो विचार इथे जागोजागी दिसतो. खालचे स्वर वाजवणारा ६.५ इंचांचा वूफर विणलेल्या अरामिड या मजबूत कृत्रिम तंतूचा आहे, वरचे स्वर वाजवणारा ट्वीटर १ इंचाचा, कापडी घुमटाचा आहे, आणि दोघांमधली कामाची वाटणी २२०० हर्ट्झच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या) आसपास होते. पेटीतील हवा बाहेर पडण्याची खाच पुढच्या बाजूला, तळाशी दिली आहे, त्यामुळे भिंतीपासून फार लांब ठेवणे ज्यांना शक्य नाही त्यांची थोडी सोय होते. बाहेरचे आवरण मात्र साध्या काळ्या व्हिनाइलचे आहे आणि त्यात मिरवण्यासारखे काही नाही. वाचलेला पैसा दिखाऊपणावर न जाता आतल्या भागांवर गेला आहे आणि या किमतीच्या वर्गात तसेच व्हायला हवे.

या जोडीचे खरे बळ खर्जात आहे, आणि खोक्यातल्या संचाशी तुलना करताना हाच मुद्दा निर्णायक ठरतो. कंपनीच्या आकड्यांनुसार हा स्पीकर ४४ हर्ट्झपर्यंत खाली जातो. डबल बासच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर साधारण ४१ हर्ट्झचा असतो, म्हणजे सबवूफर नसतानाही बहुतेक संगीताचा पाया शाबूत राहतो. याउलट तीन इंची वूफरचे छोटे स्पीकर बरेच वर, शंभर-दीडशे हर्ट्झच्या आसपासच दम सोडतात, आणि त्याखालचे सगळे काम सबवूफरवर येऊन पडते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर याच पट्ट्यात असतो. परिणामी नटाचे शब्द पडद्याजवळून येतात आणि त्याच आवाजातला भरदारपणा कोपऱ्यातल्या पेटीतून येतो. तबला ऐकताना ही फाटाफूट आणखी खटकते, कारण चाटेवरचा टणत्कार एकीकडे आणि डग्ग्याची घुमक भलतीकडे असे होते. बी६.२ वर मनगट दाबून डग्ग्याचा स्वर वर चढवला जातो ती मींड सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागेवरून, एकसंध ऐकू येते. तानपुऱ्याची जवारीही मोकळी उलगडते, पण ट्वीटर कुठेही कानाला टोचत नाही. फार लखलखीत आवाजाची सवय असलेल्यांना तो पहिल्यांदा जरा शांत वाटेल. तासन् तास ऐकणाऱ्याला मात्र हाच स्वभाव मानवतो.

ॲम्प्लिफायर निवडताना दोन आकडे नीट वाचावेत. या स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर १ मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो, आणि त्याचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, ६ ओहम आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर शक्ती दुप्पट लागते आणि तो कानाला दुप्पट वाटावा इतका, म्हणजे सुमारे १० डेसिबलने, वाढवायचा तर दहापट. त्यामुळे ८४ आणि ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरांतला फरक कागदावर किरकोळ दिसला, तरी पहिल्यासाठी दुप्पट ताकदीचा ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो. मध्यम आकाराच्या खोलीत या जोडीसाठी प्रत्येक बाजूला खरे ५० वॉट पुरेसे आहेत. ‘खरे’ हा शब्द महत्त्वाचा, कारण होम थिएटर रिसीव्हरच्या (अनेक स्पीकर चालवणाऱ्या, चित्रपटाचा ध्वनी उलगडणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) खोक्यावर छापलेला मोठा आकडा बरेचदा एकच बाजू चालू असताना, एकाच स्वरावर आणि भरपूर विकृती चालवून घेऊन मोजलेला असतो. दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, ८ ओहमवर किती वॉट मिळतात ते तपशीलपत्रात शोधावे. तारांवर जास्त पैसे घालवू नयेत. नेहमीच्या अंतरासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार उत्तम चालते. जोडताना लाल आणि काळे टोक मात्र दोन्ही बाजूंना सारखेच हवे. एका बाजूला उलटसुलट झाले, तर खर्ज नाहीसा होतो आणि मधला गायक विरघळून खोलीभर पसरतो, आणि दोष स्पीकरच्या माथी मारला जातो.

बसवण्याची काळजी घेतली नाही, तर उत्तम जोडीही सामान्य वाटते. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. दोन स्पीकरांमधले अंतर आणि त्यांच्यापासून बसण्याच्या जागेचे अंतर साधारण सारखे असावे. स्पीकर भिंतीला चिकटवला की खर्ज फुगतो, त्यात कोपरा असला तर आणखी फुगतो. नुसते हातभर पुढे ओढल्याने संवाद किती स्वच्छ होतात ते ऐकण्यासारखे आहे. पेटीची खोली जवळपास २७ सेंटिमीटर असल्याने ही जोडी अरुंद फळीवर मावत नाही, हे घेण्यापूर्वीच मोजून पाहावे. फळीवरच ठेवायची असेल, तर पुढची कड फळीच्या कडेशी आणावी, नाहीतर पुढे उरलेल्या पृष्ठभागावरून आवाज परततो आणि शब्दांची धार बोथट होते.

चित्रपटासाठी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. साध्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला डॉल्बीचा (चित्रपटाच्या ध्वनीसाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा) संकेत उलगडता येत नाही, म्हणून टीव्हीच्या ध्वनी-मांडणीत ‘पीसीएम’, म्हणजे आधीच उलगडलेला साधा डिजिटल ध्वनी, निवडावे लागते. ते न केल्यास ऑप्टिकल तारेतून एक अक्षरही ऐकू येत नाही. बहुवाहिनी ध्वनी दोन वाहिन्यांत उतरवताना खास गडगडाटासाठी राखलेली वाहिनी बहुतेक वेळा गाळली जाते, त्यामुळे स्फोटांचा हादरा इथे कमी जाणवतो. आणि बाजूला बसलेल्यांना मधला आवाज जवळच्या स्पीकरकडे ओढला गेल्यासारखा वाटतो. एक-दोन माणसांच्या बैठकीत यामुळे काही अडत नाही. पाच-सहा जण पसरून बसणार असतील, तर मधला स्पीकर खरोखर लागतो, आणि तो त्याच मालिकेतला घ्यावा.

तरीही पुढच्या खरेदीत मी सबवूफरला मधल्या स्पीकरच्या आधी स्थान देईन. रिसीव्हरच्या मांडणीत ही जोडी ‘स्मॉल’ (लहान स्पीकर) ठरवून ८० हर्ट्झखालचा भाग सबवूफरकडे वळवला, की वूफरवरचा ताण उतरतो, मोठ्या आवाजातही गाणे आवळल्यासारखे होत नाही आणि चित्रपटातला उरलेला गडगडाटही मिळतो. इतक्या खालच्या स्वरांची दिशा कानाला सहसा कळत नाही, म्हणून सबवूफर कुठे ठेवायचा याचे स्वातंत्र्य राहते. तो तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवून, खर्जाचे गाणे चालू करून खोलीभर वाकून फिरावे आणि जिथे सगळे स्वर सारख्या वजनाचे ऐकू येतील तिथे त्याची कायमची जागा करावी.