बोर्डावर २४ तास, आत डॉक्टरच नाही (बोका असणाऱ्यांनी तर वाचाच)

गेल्या रविवारची गोष्ट. आमचा बंड्या, ४ वर्षांचा नारिंगी बोका, संध्याकाळपासून दर पाच मिनिटांनी त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसून राहिला होता. उकरायचं, बसायचं, कण्हायचं, उठायचं, परत तेच. आई म्हणे पोट साफ होत नसेल, बोटभर तूप चाटव. मी पण तेच समजली आणि चाटवलं. साडेदहाला ट्रे साफ करायला घेतला तर वाळू ठक्क कोरडी, सकाळपासून एक ओला गोळा नाही. तेवढ्यात त्याने उलटी केली आणि कुलरच्या मागे जाऊन बसला, पोटाला हात लावला की असा ओरडे की काय सांगू.

नेटवर पाहून एका मोठ्या पेट हॉस्पिटलला फोन केला, नाव नाही घेत, पण बोर्डावर भल्या मोठ्या लाल अक्षरात '२४ तास इमर्जन्सी' लिहिलं आहे. दोनदा विचारलं, डॉक्टर आहेत नं? "हाव ताई, आहेत नं, घेऊन या तुम्ही." मग शेजारच्या काकाजींनी बनियनवर शर्ट चढवून गाडी काढली, बंड्या भाजीच्या प्लास्टिक टोपलीत, वरून माझी ओढणी बांधलेली, आणि नागपूरच्या मनीषनगरहून आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस) सुरू, रात्री ११ वाजता पण गरम वाफा येऊन राहिल्या होत्या.

जागा म्हणाल तर एकदम चकाचक. एसी, काचेचं दार, कुत्र्यांच्या आंघोळीचं आणि हेअरकटचं रेटकार्ड फ्रेम करून लावलेलं. आत एक पोट्टा, विसेक वर्षांचा, मोबाईलवर रील पाहून राहिला होता. पहिलं काम काय तर फाइल बनवायची, स्कॅनर समोर केला. डॉक्टर कुठे? "निघालेत मॅडम, दहा मिनिटं." त्याने बंड्याचं पोट दाबल्यासारखं केलं, म्हणाला गॅस दिसतो, मग डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे बहुतेक कुठलं तरी लग्न, मागे बँड वाजून राहिला. डॉक्टरांनी ऐकलं अर्धा मिनिट. उलटीचं इंजेक्शन द्या, सलाईन लावा, मी येतोच.

येतोच म्हणजे आलेच नाहीत. सव्वाअकरापासून पावणेदोनपर्यंत आम्ही त्या स्टीलच्या बाकावर बसून, दर वीस मिनिटांनी "निघालेत". मी तीनदा म्हटलं की भाऊ, त्याने सकाळपासून शू केलेली नाही, हे सांग नं त्यांना. शेवटी त्यालाच दया आली बहुतेक, हळूच म्हणे, मॅडम मी दिवसा ग्रूमिंग करतो, रात्री फक्त फोन उचलायला ठेवलंय मले. खरं सांगते, त्या पोट्ट्यावर माझा राग नाही. पावणेदोनला "सकाळी १० ला या" म्हणून बिल हातात दिलं: फाइल २००, इमर्जन्सी कन्सल्टेशन १,५००, इंजेक्शन-सलाईन १,१५०, नाइट चार्ज ७००. टोटल ३,५५०. कन्सल्टेशन कोणी केलं ते बिलावर नाही.

रात्र कशी काढली विचारू नका. सकाळी ७ ला काकूंच्या ओळखीतल्या एका डॉक्टरांनी घरचं क्लिनिक लवकर उघडलं. छोटीशी खोली, पंखा खडखड करणारा. त्यांनी दोन बोटं पोटाला लावली आणि लगेच म्हणाले, लघवी अडकलीय, पिशवी दगड झालीय. माझा हात धरून दाखवलं, खरंच, लिंबासारखं टणक लागत होतं आत. म्हणाले बोक्यांची लघवीची नळी बारीक असते, त्यात खड्यांचा चुरा आणि चिकट पदार्थ मिळून बूच बसतं, मांजरींना हे क्वचित होतं. बूच बसलं की रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडू शकतं, एक-दोन दिवसात खेळ खलास. आणि रात्रीची सलाईन? मार्ग मोकळा न करता पाणी चढवलं म्हणजे तुंबलेल्या नालीत अजून बादली ओतली, असं म्हणाले. गुंगी देऊन कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची बारीक नळी, घातला तर गडद लाल लघवी, भांडं अर्धं भरलं. मी बाहेर जाऊन रडली.

तीन दिवस कॅथेटर ठेवला, आता ठीक आहे. कोरडं खाणं बंद, ओलं सुरू, घरात चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत, कारण हे परत होऊ शकतं म्हणे. बोका वारंवार बसतोय आणि थेंब येत नाही तर तूप चाटवत बसू नका, ताबडतोब पळा. आणि फोनवर 'डॉक्टर आहेत का' एवढंच नका विचारू, 'आत्ता तिथे बसलेत का आणि कॅथेटर घालता येतो का' असं विचारा. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

मला झोंबलं ते पैशाचं नाही. फोनवर "डॉक्टर नाहीत" हे दोन शब्द बोलले असते तर ते अडीच तास मी दुसरीकडे फोन फिरवले असते. सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज १९५८ चं, अख्ख्या महाराष्ट्राच्या पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या गावात, आणि इथे रात्री बोक्याला पाहायला ग्रूमिंगवाला पोट्टा.

परवा फोन करून कन्सल्टेशनचे १,५०० परत मागितले. बाई फार गोड बोलली. म्हणे रिफंडची पॉलिसी नाही मॅडम, पण पुढच्या व्हिजिटला ॲडजस्ट करून देऊ, आणि या महिन्यात आंघोळीवर २० टक्के ऑफ चालू आहे.