फ्लूवरचे ऑसेल्टामिविर 75 : कोणासाठी आणि केव्हा

पावसाळ्यात आपल्याकडे फ्लू, डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो यांच्या साथी एकमेकींत मिसळतात आणि पहिल्या दिवशी चारही आजारांत अंग मोडून येते, डोके ठणकते, ताप फणफणतो. ऑसेल्टामिविर मात्र केवळ इन्फ्लुएंझा ए आणि बी या विषाणूंवर काम करते; डेंग्यू, कोरोना किंवा साधी सर्दी यांवर त्याचा काहीही उपयोग नाही. म्हणून नाव ठाऊक आहे एवढ्यावरून हे औषध मागू नये, डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी लिहून दिली तरच घ्यावे.

मूळ औषध रोश कंपनीचे टॅमिफ्लू. आपल्याकडे हेटेरोचे फ्लुविर आणि सिप्लाचे अँटिफ्लू ही नावे परिचित आहेत. तिन्हींत घटक एकच असल्याने ब्रँडवरून डोकेफोड करण्याचे कारण नाही. पाहायचा तो वेळ. विषाणू पेशीतून बाहेर पडताना न्युरामिनिडेझ या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने स्वतःला सोडवून घेतो आणि पुढच्या पेशीकडे जातो. हे औषध त्या विकरालाच अडवते, त्यामुळे नवे विषाणू जुन्या पेशीला चिकटून राहतात. आजार सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच विषाणूंची संख्या शिखराला पोहोचत असल्याने औषध 48 तासांच्या आत सुरू झाले तरच त्याचा पुरेसा लाभ मिळतो.

तो लाभ किती, हेही स्पष्ट सांगायला हवे. औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2014 च्या आढाव्यानुसार प्रौढांमध्ये लक्षणांना उतार पडण्याचा काळ 7 दिवसांवरून 6.3 दिवसांवर आला, मळमळ आणि उलट्या वाढल्या आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. एरवी धडधाकट असलेल्या तिशीतल्या माणसाने एवढ्यासाठी हे औषध घ्यावे, असे मला वाटत नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती त्याला पुरते. मात्र 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत रुग्णालयात दाखल झालेल्या 29,000 हून अधिक रुग्णांच्या नोंदींचा जो अभ्यास 2014 मध्येच प्रसिद्ध झाला, त्यात लवकर औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. या अभ्यासाला रोशचे अर्थसाहाय्य होते, हे ध्यानात ठेवूनही जोखमीच्या रुग्णांच्या बाबतीत मी तो महत्त्वाचा मानतो.

केंद्र सरकारने स्वाइन फ्लूच्या रुग्णांचे अ, ब आणि क असे जे गट केले, त्यामागचा विचारही असाच आहे. सौम्य ताप-खोकल्याच्या अ गटाला हे औषध द्यायचे नाही. ब गटातल्या गरोदर स्त्रिया, लहान मुले, 65 वर्षांवरील व्यक्ती आणि मधुमेह, हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना मात्र चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता द्यायचे.

माझ्या आईला मधुमेह आहे आणि दमाही. ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तिचा क्रिएटिनिनचा जुना अहवाल मागवला, कारण मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर मात्रा कमी करावी लागते. तो पाहिल्यावरच त्यांनी 75 मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ पाच दिवस लिहून दिली. दहा कॅप्सूलच्या एका पाकिटात कोर्स पूर्ण होतो. मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून डॉक्टरांचे आणि आईचे नाव वहीत नोंदवले, मगच पाकीट हातात दिले. 2017 पर्यंत हे औषध औषध नियमांतल्या कडक नियंत्रणाच्या एक्स अनुसूचीत (यादीत) असल्यामुळे मोजक्याच दुकानांत मिळत असे. आता ते एच-1 अनुसूचीत आहे, त्यामुळे मिळणे सोपे झाले, पण नोंद सक्तीचीच राहिली, आणि ती राहायलाच हवी. पहिली कॅप्सूल आईने उपाशीपोटी घेतली तेव्हा तिला मळमळले. पुढच्या मऊ भात खाऊन घेतल्या, तेव्हा तो त्रास झाला नाही. ज्यांना कॅप्सूल गिळता येत नाही त्यांच्यासाठी ती उघडून आतली पूड गोड पाकात मिसळता येते, कारण ती चांगलीच कडू असते.

मसाल्यातल्या चक्रफुलापासून हे औषध बनते म्हणून त्याचा काढा प्यावा, असे सांगणारे संदेश दर साथीत फिरतात. चक्रफुलातून मिळणारे शिकिमिक आम्ल हा केवळ कच्चा माल असून त्यावर अनेक रासायनिक प्रक्रिया झाल्यावरच ऑसेल्टामिविर तयार होते. काढ्यात ते नसते.

पर्यायांपैकी झानामिविर तोंडाने श्वासावाटे आत ओढून घ्यायचे असते आणि दम्याच्या रुग्णांमध्ये त्याने श्वासनलिका आकसू शकतात, त्यामुळे आईसाठी ते बादच होते. जपान आणि अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळालेल्या बॅलोक्साविरचा एकच डोस पुरतो, परंतु ते दुधासोबत घेता येत नाही आणि गरोदर स्त्रियांना दिले जात नाही. गरोदरपणात ऑसेल्टामिविरलाच प्राधान्य दिले जाते.

कोर्स चालू असतानाही धाप लागली, छातीत दुखू लागले, थुंकीतून रक्त पडले, नखे निळसर दिसली किंवा रुग्ण ग्लानीत जाऊ लागला, तर तो क गट झाला. अशा वेळी उरलेल्या कॅप्सूल संपण्याची वाट न पाहता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.